सेहेचाळीस नंबर अजून खाली आहे

टॅमरॅक काउंटीच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात वेस्ली पेंगेली हा निवृत्त गृहस्थ आठवड्यातून पाच दिवस, दहा ते चार, दारापाशी बसून तिकिटं देई. काम बिनपगारी होतं. त्याबद्दल काउंटीने त्याला एक प्रशस्तिपत्र, एक मग आणि गाडी लावायला सावलीतली जागा दिली होती. याखेरीज त्याच संग्रहालयाच्या दुसऱ्या दालनात, काचेमागच्या नोंदीनुसार, तो गेली पन्नास वर्षं जमिनीखाली अकराशे फुटांवर मरून पडलेला होता. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत एकाच वेळी खऱ्या असण्यात काउंटीच्या कुठल्याही नियमाचा भंग होत नव्हता. वेसने ते तपासून पाहिलं होतं.

घोटाळा बिल्ल्यांचा होता. ब्लू जेनी ही चांदीची खाण चालू असताना तिच्या तोंडाशी एक लाकडी फळा असे. डावीकडे ‘वर’, उजवीकडे ‘खाली’, आणि दोन्हीकडे खिळ्यांच्या रांगा. प्रत्येक माणसाचा एक पितळी बिल्ला, त्यावर नाव नाही, नुसता नंबर. खाली उतरताना आपला बिल्ला उजवीकडे लावायचा, वर आलं की डावीकडे. पाळी संपल्यावर उजवीकडे एकही बिल्ला उरला तर कुणी घरी जायचं नाही, त्या माणसाला शोधायला उतरायचं. पोरगा कामावर लागला की मुकादम त्याला पहिल्या दिवशी एकच मंत्र शिकवी : मागे डोंगर कोसळत असला तरी आधी बिल्ला, मग बोंब.

वेस चोवीस वर्षांचा असताना एका ऑगस्टच्या दुपारी त्याच्या मागे खरोखरच डोंगर कोसळला. त्याचा जोडीदार एइनो कंगास कोसळलेल्या छताखाली अडकला. खाणीत जोडीदार म्हणजे भाऊच, कधीकधी भावापेक्षा जवळचा, कारण भावाच्या हातात कुणी आपला जीव रोज सकाळी देत नाही. वेसने तासभर नखांनी दगड उपसले. आवाज येईनासा झाला तेव्हा मदत आणायला तो वर धावला. दिवा फुटलेला, डोळ्यांत भुकटी, बोटं सोललेली. तरी मंत्र विसरला नाही. आंधळ्यासारखा फळ्यापाशी गेला, उजवीकडचा बिल्ला काढला, डावीकडे लावला आणि मग बोंब ठोकली.

त्याचा नंबर सेहेचाळीस. एइनोचा सत्तेचाळीस. त्याने हलवला तो सत्तेचाळीस.

तिथून पुढे सगळं नियमाप्रमाणे झालं. अधीक्षक आले, त्यांनी फळा पाहिला आणि सेहेचाळीस नंबर पेंगेली खाली अडकल्याचं जाहीर केलं.

“साहेब, पेंगेली मीच आहे,” वेस म्हणाला. “खाली एइनो आहे.”

“मग तुझा बिल्ला खाली कसा?”

“माझ्या हातून चुकून त्याचा हलला.”

“दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावणं हा बडतर्फीचा गुन्हा आहे. कबूल करतोयस?”

“करतो. आधी माणसं पाठवा.”

माणसं पाठवली, त्यात तक्रारीला जागा नव्हती. तीन दिवस ती बोगद्यांतून “पेंगेली! पेंगेली!” अशा हाका मारत हिंडली आणि त्यांच्यातच वेस पेंगेली “एइनो! एइनो!” म्हणून ओरडत होता. शोधपथकाच्या अहवालात या विसंगत ओरडण्याची नोंद ‘एका कामगाराची मनःस्थिती ठीक नव्हती’ अशी आहे. चौथ्या दिवशी पाणी भरलं. कंपनीने चौकशी केली. वर किती, खाली किती, याची बेरीज चोख जुळली : एक माणूस बेपत्ता, एक बिल्ला खाली. आकडा जुळल्यावर नावांची खिटखिट कोण करतो? वेसची साक्ष मात्र घेता आली नाही, कारण साक्षीदार नोंदीनुसार जमिनीखाली होता.

एइनोची बायको लेम्पी हिला कंपनीचं पत्र गेलं की आपले यजमान त्या दिवशी सुखरूप वर आले असून ते न कळवता काम सोडून गेले आहेत. वेस तिच्या घरी गेला. तिने दार अर्धंच उघडलं.

“फळा मी पण पाहून आलेय,” ती म्हणाली. “तो वर आहे. वर आलेला माणूस घरी येतो, वेस. नाही आला, याचा अर्थ मला कळतो. त्याला पाठीशी घालू नकोस.”

चार वर्षांची आइली तिच्या झग्याला धरून उभी होती. महिन्याभरात मायलेकी मिनेसोटाला निघून गेल्या. गावाने एइनोला कधी नेवाडातली, कधी कॅनडातली एकेक बाई जोडून दिली. पाणी भरलेली खाण पुन्हा चालू झालीच नाही, कंपनी विकली गेली, पुन्हा विकली गेली आणि शेवटी ती कुणाची होती हेही कुणाला सांगता येईना. वेसने पुढची तीस वर्षं काउंटीचा बर्फ काढायचा ट्रॅक्टर चालवला. कर घेताना, ज्यूरीवर बोलावताना आणि पहाटे बर्फ काढायला उठवताना काउंटीला त्याच्या जिवंतपणाची तिळमात्र शंका आली नाही.

शंका आली ती फळा सापडल्यावर. कंपनीच्या जुन्या गोदामाचं छप्पर वादळात उडालं आणि आत फळा निघाला, शेवटच्या पाळीला होता तसाच, बिल्ल्यांसकट. वेसला बातमी कळली तेव्हा तो ताडकन उठून संग्रहालयात गेला आणि स्वयंसेवक म्हणून नाव लिहून आला. त्याला आयुष्यात आता एवढंच करायचं होतं : दोन बिल्ल्यांची अदलाबदल.

संग्रहालयाच्या संचालिका डॉ. मेरेडिथ स्लोकम पूर्वेकडून आल्या होत्या. बाई हुशार, कष्टाळू, आणि वस्तूंवर त्यांचं माणसांइतकंच, किंबहुना अधिक, प्रेम.

“बाई, दोनच बिल्ले आहेत,” वेस म्हणाला. “इकडचा तिकडे, तिकडचा इकडे. वीतभर अंतर.”

“तुमच्या दृष्टीने वीतभर, वेस्ली. संवर्धनाच्या दृष्टीने तो इतिहासातला हस्तक्षेप आहे.”

“हस्तक्षेप मीच केला होता. याच हाताने. आता दुरुस्त करतो म्हणतोय.”

“तेव्हा केलात तो इतिहास. आता कराल ती नासधूस.”

तरी बाई आडमुठ्या नव्हत्या. त्यांनी एक अर्ज काढून दिला : ‘प्रदर्शित वस्तूच्या यथास्थितीत बदल करण्याबाबत विनंती’. त्यावर बिल्लाधारकाची सही लागत होती. वेस सही करू लागला तसा त्यांनी हळुवारपणे कागद मागे ओढला.

“सेहेचाळीस नंबरचे धारक नोंदीनुसार हयात नाहीत. तुम्ही सही केलीत तर ती बनावट ठरेल. मला तुम्हाला अडचणीत आणायचं नाहीये.”

“मी हयात आहे.”

“मला वैयक्तिक पातळीवर ते मान्य आहे,” बाई म्हणाल्या. “कागद आणा.”

वेस काउंटीच्या कचेरीत गेला. कारकुनाने त्याच्याकडे बघून, नाडी वगैरे न पाहता, सौजन्याने हयातीचा दाखला दिला. बाईंनी तो भिंगातून वाचला. त्यात वेस्ली पेंगेली आज हयात असल्याचं म्हटलं होतं. फळ्याचा दावा मात्र पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या ऑगस्टमधल्या दुपारचा होता. त्या दिवशी, त्या वेळी तुम्ही हयात होता असा दाखला हवा, बाई म्हणाल्या. कारकून म्हणाला, मागच्या तारखेने जिवंत करायची सोय फॉर्मात नाही. मागच्या तारखेने मारायची आहे. देव तारी त्याला काउंटी मारी.

दरम्यान बाईंनी फळ्यावर अभ्यास केला आणि एक दालन उभं राहिलं. मंद उजेड, पाण्याच्या थेंबांचा ध्वनिमुद्रित आवाज, आणि उजवीकडच्या ओसाड खिळ्यांमध्ये एकच पितळी बिल्ला झगझगीत दिव्याखाली. खाली पाटी : ‘सेहेचाळीस नंबर अजून खाली आहे.’ लोक आत हसत जात आणि डोळे पुसत बाहेर येत. दाराशी वेसकडे रुमाल मागत. महिन्याभरात पर्यटकांच्या बस येऊ लागल्या. बेकरीवालीने ‘सेहेचाळीसची शेवटची न्याहारी’ नावाची पास्टी काढली, म्हणजे मटण-बटाट्याची मोठी करंजी, नेहमीचीच, फक्त कडेला कोळशासारखी जाळलेली. दुकानात पितळी बिल्ले विकायला आले. पोरं ते गळ्यात घालून वेसकडून तिकिटं घेत. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. इथे तर म्हैस दाराशी उभी राहून स्वतःच बादल्या मोजत होती.

एकदा एका बाईने वेसला विचारलं, “तुम्ही इथलेच का? तुम्ही ओळखायचात त्याला?”

“थोडाफार,” वेस म्हणाला.

“कसा होता?”

“बरा होता. हात जरा वेंधळा.”

डॉ. स्लोकम बाईंच्या कानावर ते गेलं आणि त्यांना फार आवडलं. पुढच्या आठवड्यात पाटीवर ‘समकालीनांच्या आठवणीनुसार तो हाताने वेंधळा होता’ ही ओळ वाढली.

मग काउंटीने ठराव केला की खाणीत प्राण गमावलेल्यांचं स्मारक उभारायचं. काळा ग्रॅनाइट, एकतीस नावं. एकतिसावं नाव वेस्ली पेंगेली. ही बातमी छापून आली, आणि दहा दिवसांनी संग्रहालयाच्या पत्त्यावर मिनेसोटाहून एक पत्र आलं. दाराशी बसणाऱ्या माणसाने ते उघडलं.

आइली कंगासने लिहिलं होतं : “मी शाळेची बस चालवते. आई मागच्या वर्षी गेली. मरताना मला म्हणाली, तुझे वडील आपल्याला टाकून गेले, त्यांचा शोध घेऊ नकोस. मी सगळं आयुष्य त्या माणसावर रागावून काढलं. पण आईच्या पेटीत एका वेस पेंगेलीची न फोडलेली अकरा पत्रं सापडली. ती मी फोडली. ती खरी असतील तर माझ्या वडिलांचं नाव त्या दगडावर असायला हवं. मी उद्घाटनाला येतेय. मला फक्त ते नाव बघायचंय.”

वेसने पत्र घडी करून खिशात घातलं आणि त्या दिवशी पहिल्यांदाच चारच्या आधी संग्रहालय बंद केलं.

काउंटीच्या सभेत नागरिकांना बोलायला तीन मिनिटं मिळतात. तीन आयुक्त समोर बसलेले, मधला अध्यक्ष डेल ऑस्टरहाउट, वेसच्या शाळेतला.

“माझं नाव काढा आणि एइनो कंगासचं घाला,” वेस म्हणाला. “उरलेली दोन मिनिटं परत घ्या, एवढंच सांगायचं होतं.”

“अरे वेस,” डेल विनवणीच्या सुरात म्हणाला, “दगड कोरून झालाय रे. एकतीस म्हणजे एकतीस. कंपनीच्या दफ्तरात एकतीस, दगडावर एकतीस. आकडा बरोबर आहे ना?”

“आकडा बरोबर आहे. माणूस चुकीचा आहे.”

“तू काय आज ना उद्या जाणारच आहेस,” दुसऱ्या आयुक्तबाई समजुतीने म्हणाल्या. “मग तेही बरोबर होईल.”

“वेस, मनाला लावून घेऊ नकोस,” डेल म्हणाला, “पण चौऱ्याहत्तर वर्षं तू जिवंत राहिलास, त्यात गावाला काय मिळालं? आणि मेलास तेव्हापासून बघ. मोटेल भरलंय. बेकरीने दोन पोरी ठेवल्यात. शाळेचं बँड पथक पुन्हा सुरू झालं. आता तू येऊन म्हणतोस मी मेलोच नाही. हा स्वार्थीपणा नाही का रे?”

मागच्या बाकांवरून दोनचार जणांनी टाळ्या वाजवल्या. त्यातली एक बेकरीवाली होती.

डॉ. स्लोकम तोडगा घेऊन उभ्या राहिल्या. कंगास कुटुंबावर अन्याय व्हावा असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. संग्रहालयात ‘सोडून गेलेले’ हे नवं दालन प्रस्तावित होतं : बायकामुलांना टाकून परागंदा झालेले खाण कामगार, त्यांची सामाजिक कारणं, त्यांच्या कुटुंबांचं मौन. एइनो कंगास त्यात अग्रभागी राहील. त्याची मुलगी येतेच आहे, तर तिची मुलाखत ध्वनिमुद्रित करता येईल. ठराव तीन विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला. वेसचं मत विचारायचा प्रश्न नव्हता.

उद्घाटनाच्या सकाळी आइली आली. उंच, भुवया एइनोच्या, चालणं एइनोचं. त्याने तिला ओळख सांगितली तेव्हा ती त्याच्याकडे आणि मग दगडाकडे बघत राहिली.

“वेसकाका, तुमचं नाव तर तिथे आहे.”

“हो गं पोरी.”

“आणि बाबांचं?”

तेवढ्यात डॉ. स्लोकम हातात ध्वनिमुद्रक घेऊन आल्या आणि त्यांनी आइलीला विचारलं की वडील सोडून गेल्याची जखम तिने शरीरात नेमकी कुठे जपून ठेवलीये. आइलीचा चेहरा पांढरा पडला. वेसने पन्नास वर्षांपूर्वी तोच चेहरा एका अर्ध्या उघड्या दारात पाहिला होता, आणि त्याचं डोकं फिरलं.

तो दुसऱ्या दालनात गेला. मंगळवारी काच पुसायचं काम त्याच्याकडे असल्याने किल्ली त्याच्याजवळच होती. दालन माणसांनी भरलेलं. त्याने काच उघडली, डोळे नीट पुसले, नंबर मोठ्याने वाचला आणि सेहेचाळीस उजवीकडून काढून डावीकडे लावला. मग सत्तेचाळीस डावीकडून काढला. तो त्याने सदऱ्याला घासून पुसला. शेवटी तो उजवीकडे लावला.

“एइनो खाली आहे,” तो म्हणाला. “तो कुठे गेला नव्हता. तो शेवटपर्यंत तुझं नाव घेत होता, आइली. मी ऐकलंय. आंधळा मी होतो, चूक माझी होती.”

आइली हुंदके देत पुढे आली आणि तिने त्या म्हाताऱ्याला मिठी मारली. मग सगळं दालन टाळ्यांनी दणाणलं. बसमधून आलेल्या मंडळींनी उभं राहून दाद दिली. नाट्यरूपांतर इतकं अंगावर येणारं असेल याची त्यांना कल्पना नव्हती. एकाने पुढचा प्रयोग किती वाजता आहे असं विचारलं.

शेरीफ आला. वस्तूशी छेडछाड हा गुन्हा होता, साक्षीदार साठ होते. पण अपराध्याचं नाव लिहिताना त्याची लेखणी अडली. वेस्ली पेंगेलीवर गुन्हा नोंदवायचा तर दगडावर नाव कोरलेला माणूस जमिनीवर आहे असं काउंटीने लिहून द्यायला हवं. वेसचे डोळे लकाकले. “लिहा ना,” तो म्हणाला, “हात जोडतो, मला अटक करा.” शेरीफने डेलकडे पाहिलं. डेलने दगडाकडे पाहिलं. गुन्हा ‘अज्ञात इसमा’च्या नावे नोंदवला गेला आणि अज्ञात इसमाला दुपारी तिकिटांवर बसायला सांगण्यात आलं. संध्याकाळपर्यंत डॉ. स्लोकम यांनी छायाचित्र बघून बिल्ले होते तसे, अचूक, पुन्हा लावले.

निघण्यापूर्वी आइली वेसला घेऊन दगडापाशी गेली.

“तुमच्या नावाखाली बाबा आहेत, असंच ना?”

“असंच.”

तिने एकतिसाव्या नावावर टॅमरॅकच्या झाडाची एक डहाळी ठेवली, त्यावर हात ठेवला आणि बऱ्याच वेळाने उचलला. तो फोटो डॉ. स्लोकम यांनी काढला. आता तो माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर आहे : ‘सेहेचाळीस नंबरची लेक, पन्नास वर्षांनी.’

तुम्हीही कधी तिकडे जालच. आणि नाक मुरडू नका, दालनात तुमचेही डोळे भरून येतील. चांगल्या माणसांचे येतातच. त्या एकट्या बिल्ल्याशेजारी तुम्हाला फोटो काढून घ्यावासा वाटेल. तेवढ्यात एक म्हातारा जवळ येईल आणि डावीकडच्या सत्तेचाळीस नंबरकडे बोट दाखवून तुम्हाला काहीतरी सांगू लागेल. तुम्ही सुसंस्कृत आहात, तुम्ही त्याला ढकलणार नाही. तुम्ही फक्त हसून म्हणाल, “आजोबा, जरा बाजूला होता का? फोटोत येताय.”